खोट्या काढ्यातली खरी सुंठ

सरकारने मला चार वर्षं खोटा काढा बनवण्याचा पगार दिला. लग्नकार्यात मी हे सांगते तेव्हा ऐकणारे आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मग चौकशी वगैरे लागली का हो?" चौकशी कसली? खोटा काढा बनवणं हेच माझं काम होतं आणि ते मी मनापासून केलं. जरा जास्तच मनापासून केलं, आणि तिथेच माशी शिंकली.

आम्ही जगदाळे ग्वाल्हेरचे. फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलेलं घराणं. सासऱ्यांच्या आजोबांपर्यंत सगळे तलवारवाले, सासरे पोस्टात, नवरा वीज मंडळात, आणि मी इथल्या एका सरकारी आयुर्वेद महाविद्यालयाच्या रसशाळेत. रसशाळा म्हणजे औषधं कुटायची, उकळायची, गाळायची जागा. तलवारीची पळी झाली, असं आमचे हे म्हणतात. तीस वर्षं मी काढे उकळले. भरड एक भाग, पाणी सोळा भाग, आणि आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. हात असा बसला होता की दाराबाहेरून वास घेऊन मी सांगत असे, अजून दोन उकळ्या हव्यात. त्या हाताचा मला भारी गर्व होता.

आमच्या विभागाचे प्रमुख करमरकर सर. अंगाने काटकुळे, दिवाळीला चढवलेला स्वेटर होळीनंतर उतरवणारे. आमच्या रुग्णालयात गुडघेदुखीवर एक काढा कित्येक वर्षं दिला जायचा. लोक तो नेत आणि बरं वाटलं म्हणत. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. सर अस्वस्थ व्हायचे.

"जगदाळेबाई, आपल्याकडची माणसं भली आहेत," ते म्हणाले. "वैद्याचं मन मोडायला नको म्हणूनही बरं वाटलं म्हणत असतील. मला खरं काय ते बघायचंय."

खरं बघायला पैसा लागतो. औषध कंपन्यांना या काढ्यात काडीचा रस नव्हता, कारण त्याला मालक नाही. आज त्यांनी खर्च करून गुण सिद्ध केला तर उद्या कोणीही घरी उकळून पिईल. म्हणजे ज्या गोष्टीचा कोणीच मालक नाही ती तपासायची तर सगळ्यांच्या पैशातून, सरकारी अनुदानातूनच तपासावी लागते. सरांनी दिल्लीला प्रस्ताव पाठवला. परत आला. दुरुस्त करून पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तीनदा हे झालं आणि तिन्ही वेळा तिकडून एकच प्रश्न होता: तुलना कशाशी करणार?

प्रश्न रास्त होता. गुडघे थंडीत दुखतात आणि फाल्गुनात आपोआप नरमतात. शिवाय कोणी चार वेळा आपुलकीने विचारपूस केली की माणसाला तसंही बरं वाटतं. म्हणून निम्म्या रुग्णांना खरा काढा आणि निम्म्यांना दिसायला, चवीला तसाच, पण औषध नसलेला काढा द्यायचा. व्यायाम मात्र दोघांना सारखाच शिकवायचा. हे सगळं रुग्णाला आधी समजावून त्याची सही घेतात. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं.

चौथा प्रस्ताव लिहिण्याआधी सर रसशाळेत आले. "खोटा काढा बनवता येईल?"

"त्यात काय मोठंसं?" मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

प्रस्ताव मंजूर झाला. सराफ्यातल्या एका बुजुर्ग वैद्यांनी सरांना रस्त्यात अडवून सुनावलं, "खऱ्या काढ्याला सरकारने कधी दमडी दिली नाही. खोट्याला देतंय वाटतं!" सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि पुढे निघाले.

मला कळलं की खोटं बनवणं खऱ्याहून कठीण आहे. आमच्या शास्त्राचं म्हणणंच असं, की या जगात औषध नसलेलं असं काहीच नाही. मग घालायचं काय? मेथी घ्यावी तर ते औषध, ओवा घ्यावा तर तेही औषध. शेवटी करपवलेल्या साखरेचा रंग, दाटपणाला थोडा मक्याचा स्टार्च आणि कडूपणाला परवानगीतलं एक निरुपद्रवी द्रव्य असं जमवलं. टिकण्यासाठीचं द्रव्य दोन्हींत सारखं. बाटल्यांवर नुसते आकडे. कोणता आकडा खरा हे पृथ्वीतलावर दोनच जागी होतं, एक दिल्लीच्या मोहोरबंद पाकिटात आणि दुसरं माझ्या पोटात.

त्या पोटावर मग काय काय हल्ले झाले! एक बाई दर खेपेला गजकाचा, म्हणजे आमच्याकडच्या तिळाच्या मिठाईचा, डबा आणून खिडकीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बस इशारा कर दो, मैडम." एका गृहस्थांनी बाटली देवीपुढे ठेवून कौल लावला होता. एक काकू नियमाने बाटली न्यायच्या आणि काढा नवऱ्याला पाजायच्या, कारण "दुखतं मला, पण कुरकुर ह्यांची जास्त." सगळ्यांपुढे मी दगड होऊन बसायची. सर मला रोज चहा विचारत, बाटल्यांबद्दल चुकूनही नाही.

आणि मग आले हरिचरण काका.

काका बिर्लानगरचे, मिलमधले जुने कामगार. मिल बंद पडून जमाना झाला होता, पण त्यांची सगळी हयात रंगखात्यात गेली होती, कापड रंगवण्यात. आमच्या ओसरीला तीन पायऱ्या होत्या, त्या काका अंग तिरपं करून, एकेक पाय ओढत चढायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपली बाटली आणि शेजारच्या रुग्णाची बाटली उन्हात धरली आणि सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मैडम, जे दोनों एक माल नहीं हैं. हमारी का शेड हल्का है."

"काका, काढ़े में थोड़ा ऊपर-नीचे होता ही है," मी कशीबशी म्हणाले. त्या आठवड्यात साखर करपवून करपवून मी रंग जुळवला. पुढच्या खेपेला काकांनी बाटली पुन्हा उन्हात धरली. "हाँ. अब शेड पकड़ा." मी सुटकेचा श्वास टाकतेय तोवर त्यांनी बूच काढून हुंगलं. "पर बास नहीं पकड़ी. इसमें जान नहीं है."

जान नहीं है! तीस वर्षांत माझ्या काढ्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. ते माझ्या वर्मी लागलं. त्या काढ्यात जान नसणं हेच तर माझं काम, हे मी त्या क्षणी साफ विसरले. दुसऱ्या दिवशी नवा घाणा लावला आणि हात आपसूक सुंठीच्या डब्यात गेला. आपल्या बायकांचा हात तो. काढ्याला, चहाला, बाळंतिणीच्या लाडवाला, विचार न करता सुंठीकडे जातो. खऱ्या काढ्यात सुंठ होतीच, वास नेमका तिचाच कमी पडत होता. मी चिमूट टाकली, हुंगलं, आणखी एक टाकली. रसशाळेत असा दरवळ सुटला की मलाच आपलं कौतुक वाटलं. काकांनीही बूच काढून मान डोलावली.

दोन महिने तो घाणा चालला. दोन महिन्यांनी काका तिन्ही पायऱ्या सरळ, काठी बगलेत मारून चढून आले. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. काकांना कोणता काढा जातोय हे मला माहीत होतं, आणि तरी टाळ्या वाजवताना माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही.

डोक्यात आलं ते एका रविवारी दुपारी. मी डिंकाचे लाडू करत होते. कढईत पाक होता, आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "सुंठ जरा ज्यास्तीच टाक. माझे गुडघे बोलून राहिलेत."

सुंठीच्या डब्यात गेलेला माझा हात तिथेच थांबला. पाक पुढे गेला. त्या दिवशीचे लाडू फोडायला खलबत्ता लागला.

मी ह्यांना सगळं सांगितलं. आकडे नाही सांगितले, पण बाकी सगळं. ते म्हणाले, "चिमूटभर सुंठीने काय होऊन जाईल? चूप बस. कोणाला पत्ता लागणार आहे?" तेही खरं होतं. पत्ता लागणारच नव्हता. सांगितलं तर दिल्ली अख्खं संशोधन गुंडाळणार. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तीनदा आपटून चौथ्यांदा कुठे त्यांचा प्रस्ताव उभा राहिला होता. नाही सांगितलं तर खोट्या काढ्यानेही गुडघे बरे झालेले दिसणार आणि सरांचा खरा काढा विनाकारण नापास होणार. तेही सरकारी शिक्क्यानिशी. जेवण गेलं माझं. सरांनी आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, खरं काय ते कळू दे, आणि ती मीच नासवली होती.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. "सर, मला तुमच्याशी एक गोष्ट करायची आहे." पुण्याचे पाहुणे या वाक्याला हसतात, पण ग्वाल्हेरात आम्ही गोष्ट सांगत नाही, करतो.

"करा," सर म्हणाले.

"दोनपैकी एका काढ्यात माझ्या हातून काहीतरी पडलं आहे."

"काय पडलं?"

"ते सांगता नाही येत."

"कोणत्या काढ्यात?"

"तेही नाही सांगता येत."

"अहो, मग कोणाकोणाला गेला तो?"

"सर, ते सांगितलं तर तुम्हाला बाकीचं सगळं कळेल."

सरांनी हात वर केला. "थांबा. नका सांगू." स्वेटरच्या टोकाला त्यांनी चष्मा पुसला, घातला, काढून पुन्हा पुसला. "म्हणजे चूक झालीय. मी ती विचारू शकत नाही आणि तुम्ही ती सांगू शकत नाही."

"हो सर."

त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. मग ते गंभीर झाले. "दिल्लीला कळवावं लागेल. ते बंदही करतील."

"हो सर."

"लिहा. लिफाफा बंद करून माझ्याकडे आणा. एक प्रत अशीच बंद करून माझ्या कपाटात राहू दे."

मी सुंठीचा डबा, घाण्याचा दिवस, बाटल्यांचे आकडे, सगळं लिहिलं. काकांचं "जान नहीं है"सुद्धा लिहिलं. सरकारी कागद विभागप्रमुखांच्या सहीशिवाय वर जात नाही, म्हणून सरांनी बंद लिफाफ्याला वरून एक पत्र जोडलं. त्यात दोनच वाक्यं होती. "सोबतचे पत्र मी वाचलेले नाही. त्यातील प्रत्येक शब्द खरा आहे असे मी मानतो." आणि खाली सही. माझ्या गोपनीय अहवालांत तीस वर्षांत काय काय लिहिलं गेलं ते मला कधी कळलं नाही. ही दोन वाक्यं मात्र मी उभ्या उभ्या वाचली.

उत्तर आलं नाही, दिल्लीहून एक बाईच आल्या. संख्याशास्त्राच्या जाणकार, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. सरांना बाहेर बसवून त्यांनी रसशाळेचं दार लावलं आणि सुंठीचा डबा मागितला. झाकण उघडून हुंगला.

"क्यों डाली?"

"मरीज़ बोले, इसमें जान नहीं है."

"जान नहीं होनी थी, मैडम. इसी बात का तो सारा काम था." त्या हसल्या. "चिट्ठियाँ मुझे बहुत आती हैं. कोई पैसा माँगता है, कोई वक़्त. अपनी ग़लती की चिट्ठी पहली बार आई है."

त्यांनी संशोधन बंद केलं नाही. त्या काळातले दोन्ही बाजूंचे सगळे रुग्ण वगळायचे, म्हणजे सरांना काही अंदाज येणार नाही, आणि पुन्हा नव्याने सुरुवात करायची. मुदत वाढवून दिली. मी देवापुढे साखर ठेवली. पण वाढलेली मुदत सरांच्या निवृत्तीच्या पलीकडे जात होती. अहवालावर पहिलं नाव आता त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाचं लागणार होतं. मला ते आजही सलतं.

नाव कापल्याचं कळताच काका तावातावाने आले. "हम फेल हो गए का, मैडम?"

"फेल मैं हुई हूँ, काका," मी म्हटलं. "और अब आप छूट गए हो, तो मेरी मदद करो. दो बोतलें दूँगी. कौन-सी क्या है, मत पूछना. बस बताना कि एक माल है या नहीं."

काकांची छाती फुगली. मग दर मंगळवारी रसशाळेत त्यांचा दरबार भरू लागला. रंग पहिल्याच फटक्यात पास. वास मात्र दर वेळी नापास, आणि सुंठ आता माझ्यासाठी गावकुसाबाहेर होती. तिसऱ्या मंगळवारी काका कंटाळून म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ रंग धुल जाता था, बास कपड़े में बैठी रहती थी. आप घोल के पीछे काहे पड़ी हो? कपड़ा देखो."

खरा काढा गाळलेलं मलमलीचं फडकं मी इतकी वर्षं धुऊन वाळत घालत होते! ते आता न धुता बाटल्यांच्या पेट्यांत अंथरलं. दोन्ही प्रकारच्या बाटल्या बुचं लावून त्यात आठवडाभर राहिल्या. बाटल्यांना, लेबलांना, बुचांना तोच वास. खोट्याच्या आत मात्र एक थेंब औषध नाही. पुढच्या मंगळवारी काकांनी दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या, हुंगल्या, पुन्हा धरल्या, चष्मा बदलला. मग दोन्ही खाली ठेवल्या. "सारी उमर रंग में निकाल दी," ते पडेल आवाजात म्हणाले, "और आपने हरा दिया." मी पळी हातात घेऊन नाचले. वयाला शोभत नव्हतं, पण नाचले.

पाकीट उघडलं त्या दिवशी सर निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. नव्या प्रमुखांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वेटर तोच. उत्तर डोळे दिपवणारं नव्हतं, पण खरं होतं. सकाळी उठताना गुडघे आखडतात, तिथे खरा काढा थोडा सरस ठरला. पायऱ्या चढण्यात दोन्ही काढे सारखेच. सर लहान मुलासारखे खूश झाले. कळलं ना काय ते, एवढंच त्यांना हवं होतं.

मग त्यांनी कपाटातली ती बंद प्रत मागवली आणि माझ्यासमोर फोडली. वाचत वाचत ते शेवटापर्यंत गेले.

"सुंठ!" सर म्हणाले. "बाई, मला वाटत होतं तुमच्या हातून खोट्यात अख्खा खराच काढा पडला. इतके दिवस तेच घेऊन झोपत होतो."

"मग सही का केलीत, सर?"

"तुम्ही आपणहून सांगायला आलात ना."

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि त्यांना देण्याऐवजी स्वतःच पिऊन टाकला.

शेवटी सगळ्या रुग्णांना चहाला बोलावून ज्याचं त्याला सांगायचं असतं, तुम्ही काय प्यायलात. वगळलेल्यांनाही बोलावलं होतं. काका पुढच्या रांगेत, काठीशिवाय. मी त्यांना सांगितलं की काका, तुमचा काढा खोटा होता, आणि त्यात मी चुकून सुंठ घातली होती.

"खोटा था, सो तो पहले दिन से पता था," काका म्हणाले. "शेड हल्का था."

"फिर पीते काहे रहे?"

"रोज की कसरत, टेंपो से उतर के चलना, यहाँ आ के आपसे गप लड़ाना. नुक़सान क्या था?" मग ते पुढे सरकून बसले. "पर एक बात बताओ, मैडम. हम ठीक काहे से हुए? सोंठ से, कसरत से, चलने से, कि गप से?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. खोटं बोलायची सवय मी सुंठीबरोबरच सोडली होती. "काका, नहीं मालूम."

"नहीं मालूम?" काकांनी रंगखात्यातला आवाज काढला. "तो पता करो! सरकार पैसा काहे का दे रही है?"

सगळ्यांत मोठ्याने सर हसले. मग हसायचे थांबले, खिशातून पेन काढलं आणि चहाच्या बशीखालच्या कागदावर काकांचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. नव्या प्रमुखांबरोबर बसून त्यांनी त्याचा पाचवा प्रस्ताव केला. तो सध्या दिल्लीत आहे. मीही आता निवृत्त झालेय, पण तो मंजूर झाला तर रसशाळेत मला पुन्हा बोलावणार आहेत. मी हो म्हटलंय, फक्त सुंठीचा डबा सरांनी स्वतःच्या घरी नेऊन ठेवायचा, एवढी अट घातली आहे.